वीस मिलिग्रॅमचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी खात्यातर्फे होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत आमच्या छातीचे एक्स-रे चित्र काढण्यात आले. त्यात दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी वाढलेल्या ग्रंथी आणि त्यांच्या आसपास बारीक ठिपक्यांची सावली दिसली. थोडासा कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप, याखेरीज आम्हांस काही होत नव्हते. परंतु आपल्या देशात छातीवरच्या सावलीचा अर्थ बहुधा एकच लावला जातो. थुंकीत जंतू सापडले नव्हते. तरीही आम्ही तेव्हा ज्या गावी होतो तेथील डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली, आणि आम्ही ती सहा महिने नेमाने घेतली. त्या सहा महिन्यांत वसाहतीतील मुले आमच्याकडे कॅरम खेळायला येईनाशी झाली. शेजारच्या वहिनींनी आमच्या सौभाग्यवतीस आमचे ताट-भांडे वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला. तो तिने मानला नाही, एवढे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. सहा महिन्यांनी पुन्हा चित्र काढले, तो सावली होती तेथेच.

पुढे बदली झाली. नव्या शहरातील डॉक्टरांनी श्वासनलिकेत दुर्बीण घालून आतल्या ग्रंथीचा कण काढला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासवला आणि हा क्षय नसून सार्कॉइडोसिस आहे, असे सांगितले. औषध मात्र त्यांनी दिले नाही. तीन महिन्यांनी या, असे म्हणाले. तीन महिन्यांनी श्वासाचे माप घटलेले आढळले, तेव्हा कोठे चिठ्ठीवर प्रेड्निसोलोनचे नाव आले आणि त्यापुढे आकडा पडला २० मिलिग्रॅम. आमच्या ओळखीच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांना याच आजारासाठी पूर्वी रोज चाळीस मिलिग्रॅम दिले जात असे. मग आम्हांस वीसच का, असे विचारता डॉक्टर हसून म्हणाले, “ते चंदीगडला विचारा.”

कारकुनाचा स्वभावच असा की, एखादा आकडा समोर आला म्हणजे तो कोणत्या आदेशान्वये ठरला, हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. त्या विसाच्या शोधात आम्ही वाचनालयात जे बसलो, ते थेट एकोणिसाव्या शतकातील लंडनपर्यंत जाऊन पोहोचलो.

सार्कॉइडोसिसचा आरंभ छातीपासून झालेला नाही. तो कातडीपासून झाला. लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ मध्ये हातापायांवर जांभळट चट्टे उठलेल्या एका कामगाराची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे १८९८ मध्ये तशाच विकाराच्या एका बाईंची हकीकत त्यांनी लिहिली आणि त्या बाईंच्या नावावरूनच रोगाला ‘मॉर्टिमरचा आजार’ असे नाव दिले. रोगास वैद्याचे नाव मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ. रुग्णाचे नाव मिळाल्याचे हे उदाहरण विरळाच म्हटले पाहिजे. पुढच्याच वर्षी नॉर्वेतील ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, येथील सीझर बेक यांनी कातडीवरील अशाच गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्या त्यांना मांसार्बुदासारख्या, म्हणजे सार्कोमासारख्या वाटल्या, पण घातक वाटल्या नाहीत. म्हणून त्यांनी ‘सार्कॉइड’ असा शब्द वापरला. आजच्या नावाचे मूळ ते होय.

यानंतर या रोगाची फाईल एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहिली. कातडीवाल्यांनी ती पाहिली, डोळ्यांच्या वैद्यांनी पाहिली, हाडांची चित्रे काढणाऱ्यांनी पाहिली. आणि प्रत्येकाने आपापल्या परीने निराळे नाव देऊन पुढे ढकलली. हे सारे कागद एकाच प्रकरणाचे आहेत, हे स्वीडनचे यॉर्गेन शाउमान यांनी ओळखले. कातडी, ग्रंथी, हाडे आणि फुप्फुसे यांत एकच प्रक्रिया चालते, असे प्रतिपादन करणारा त्यांचा प्रबंध १९१४ सालचा. पण तो छापून बाहेर पडला १९३६ मध्ये. बावीस वर्षे! आमच्या खात्यातील काही प्रकरणांचा विचार करता हा काळ फार मोठा म्हणता येणार नाही.

मात्र शाउमान यांच्यासकट त्या पिढीतील पुष्कळांना हा क्षयाचाच एखादा सौम्य प्रकार वाटे, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. क्षयात जशी पेशींची सूक्ष्म गाठ जमते, जिला ग्रॅन्युलोमा म्हणतात, तशीच ती येथेही जमते. फरक इतकाच की, क्षयाची गाठ मध्ये सडून ताज्या चीजसारखी भुसभुशीत होते आणि सार्कॉइडची सहसा तशी होत नाही. शिवाय क्षयाच्या गाठीत जंतू असतो. येथे तो कोणालाच दाखवता आला नाही. कोठल्या तरी अज्ञात निमित्ताने शरीराच्या रक्षक पेशी जमा होतात, एकमेकींस संदेश पाठवून आणखी पेशी बोलावतात आणि शत्रू नसतानाही छावणी उठवत नाहीत, असे या रोगाचे स्वरूप आहे. ते निमित्त कोणते, हे आजही ठरलेले नाही.

कारण ठाऊक नसले म्हणजे उपाय भाराभर होतात. सोमल दिला गेला, सोन्याचे क्षार दिले गेले. १९४०च्या दशकात जीवनसत्त्व ‘ड’ मोठ्या मात्रेत देण्याचा प्रयोग झाला, कारण कातडीच्या क्षयावर त्याचा गुण दिसला होता. पुढे कळले ते असे की, सार्कॉइडच्या गाठी स्वतःच ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात आणि त्यामुळे रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे धोक्यात येऊ शकतात. म्हणजे त्या रुग्णांच्या आगीत तेलच ओतले जात होते.

आता त्या औषधाकडे वळू. त्याची कथा फुप्फुसांशी काहीएक संबंध नसलेल्या ठिकाणी सुरू होते. अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानातील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक नावाची प्रसिद्ध संस्था आहे. तेथे संधिवाताचे वैद्य फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली: सांध्यांनी जखडलेल्या एका रुग्णास कावीळ झाली आणि कावीळ असेपर्यंत त्याचे सांधे मोकळे झाले. पुढे गर्भारपणातही स्त्रियांचा संधिवात ओसरतो, असे त्यांच्या ध्यानी आले. मग शरीरातच कोणते तरी द्रव्य असे असले पाहिजे की जे या आजाराला आवर घालते, असा त्यांनी तर्क बांधला. ते द्रव्य हाती नव्हते, म्हणून त्याला ‘एक्स’ म्हणून ठेवले. त्याच संस्थेत एडवर्ड केंडाल हे रसायनवेत्ते मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क काढून त्यातील एकेक द्रव्य वेगळे करीत होते. गुरांच्या ग्रंथींच्या ढिगातून चिमूटभर स्फटिक निघत. त्यांतील एकास त्यांनी ‘संयुग ई’ असे नाव दिले. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ताडेउश राइखस्टाइन हे स्वतंत्रपणे त्याच वाटेने चालले होते.

ग्रंथींतून पुरेसे द्रव्य मिळणे अशक्य, हे लवकरच कळून चुकले. दुसरे महायुद्ध चालू असताना, जर्मन वैमानिक अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचून घेऊन अफाट उंचीवर उडतात अशी वदंता पसरली आणि अमेरिकन सरकारने या संशोधनास उत्तेजन दिले. वदंता खोटी होती. पण तिच्यामुळे काम पुढे सरकले. मर्क कंपनीचे तरुण रसायनज्ञ लुई सॅरेट यांनी १९४४ मध्ये बैलाच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्या चढत ‘संयुग ई’ तयार केले. कावीळ हा पित्ताचा विकार. हेंच यांना पहिला सुगावा तिच्यातून लागला आणि औषध शेवटी पित्तातूनच निघाले. शास्त्राच्या दृष्टीने या दोहोंचा संबंध नाही, तरी योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी हेंच यांनी २९ वर्षांच्या एका स्त्रीस ‘संयुग ई’चे पहिले इंजेक्शन दिले. तिला अंथरुणात कूस बदलणेही कठीण झाले होते. थोड्याच दिवसांत ती उठून चालू लागली आणि आठवडाभरात बाजारात खरेदीला गेली. १९४९च्या एप्रिलमध्ये हे प्रयोग डॉक्टरांच्या सभेत चलच्चित्रासह दाखवण्यात आले, ‘संयुग ई’ला कॉर्टिझोन असे नाव मिळाले आणि १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखस्टाइन या तिघांस देण्यात आले. पहिल्या इंजेक्शनपासून पारितोषिकापर्यंत पुरती सव्वादोन वर्षेही झाली नव्हती. इतक्या घाईने दिलेल्या नोबेलची उदाहरणे थोडीच असतील, आणि घाईचे परिणामही लवकरच दिसले. रुग्णांचे चेहरे चंद्रासारखे वाटोळे झाले, हाडे ठिसूळ होऊ लागली, साखर वाढली, काहींची मने भ्रमली. आणि औषध बंद करताच सांधे पूर्ववत् जखडले.

पित्तापासूनचे औषध फार महाग पडे. १९४९ मध्ये एका ग्रॅमला २०० डॉलर मोजावे लागत. तेव्हा वनस्पतींकडे लक्ष गेले. मेक्सिकोतील रानकंदापासून प्रोजेस्टेरॉन करण्याची युक्ती रसेल मार्कर यांनी आधीच काढली होती. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी शिळ्या पावावर धरते त्या बुरशीच्या कुळातील एका बुरशीकडून रासायनिक मार्गातील सर्वांत अवघड पायरी करवून घेतली. रसायनशाळेत जे काम अनेक पायऱ्यांचे होते ते बुरशीने एका झटक्यात केले आणि किमती कोसळल्या. मग १९५५ मध्ये शेरिंग कंपनीने एका जिवाणूच्या साहाय्याने बनवलेली प्रेड्निसोन आणि प्रेड्निसोलोन ही दोन भावंडे बाजारात आली. शरीरात तयार होणाऱ्या कॉर्टिसोलच्या सुमारे चौपट त्यांचा जोर, आणि अंगात मीठ-पाणी साठवण्याचा दोष कमी. आमच्या चिठ्ठीवर आले ते यांतील दुसरे भावंड.

सार्कॉइडोसिसवर कॉर्टिझोन वापरून पाहण्याचे कोणाच्या तरी मनात येणे अटळच होते. १९५१ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत हॅरोल्ड इझ्रेल हे एक होते. त्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा यावयाचे आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कचे लुई सिल्ट्झबाख यांनी तेरा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दृश्य विस्मयकारक होते. वर्षानुवर्षे न हललेली सावली काही आठवड्यांत विरळ होई, ताप जाई, डोळ्यांची जळजळ थांबे, वाढलेले कॅल्शियम खाली येई. एक्स-रेच्या फिती शेजारी शेजारी टांगून पाहणाऱ्या वैद्यास यापरते प्रमाण कोणते हवे?

परंतु औषध थांबवल्यावर पुष्कळांच्या सावल्या परत आल्या. औषध पेशींच्या केंद्रात शिरून त्यांचे परस्परांना जाणारे संदेश दाबून टाकते. ज्या निमित्ताने त्या जमल्या ते निमित्त मात्र तसेच राहते. दुसरी अडचण याहून नाजूक होती. महायुद्धाच्या काळापासून सैनिकांची आणि कामगारांची घाऊक एक्स-रे तपासणी होऊ लागली होती, आणि काहीच त्रास नसलेल्या, पण छातीत ग्रंथी वाढलेल्या माणसांच्या रांगाच्या रांगा सापडू लागल्या होत्या. स्वीडनचे स्वेन लफग्रेन यांनी १९४६ पासून दाखवून दिले की, पायांवर लाल गाठी, ताप आणि छातीत ग्रंथी अशा रीतीने ज्यांचा आजार सुरू होतो, त्यांतले बहुतेक कोणत्याही औषधावाचून बरे होतात. मग औषधाने बरा झालेला रुग्ण आणि आपोआप बरा झालेला रुग्ण यांत भेद कसा करावयाचा?

या प्रश्नाची शिस्तीने मांडणी करणाऱ्यांत लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाचे जॉन गाय्येट स्कॅडिंग यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९४३च्या डिसेंबरात चर्चिल उत्तर आफ्रिकेत न्यूमोनियाने आजारी पडले, तेव्हा बोलावल्या गेलेल्या लष्करी डॉक्टरांत ते होते. स्ट्रेप्टोमायसिनची जी प्रसिद्ध चाचणी १९४८ मध्ये जाहीर झाली, जिच्यात औषध कोणास मिळावे हे वैद्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, तिच्या समितीतही ते होते. अशा गृहस्थांना नुसत्या सुंदर फितींनी भुलवणे कठीण. १९६१ मध्ये त्यांनी पाच वर्षे नजरेखाली ठेवलेल्या १३६ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि एक्स-रेवरून त्यांचे चार वर्ग केले: केवळ ग्रंथी वाढलेले, ग्रंथींसह फुप्फुसात ठिपके असलेले, ग्रंथी नसून केवळ ठिपके असलेले, आणि फुप्फुसाला कायमचे व्रण पडून ते आकसलेले. पहिल्या वर्गातले बहुसंख्य आपोआप बरे होत. शेवटच्यातील व्रण कोणतेही औषध पुसत नसे. वैद्याने विचार करावा असे रुग्ण मधले. आजही डॉक्टर जेव्हा ‘दुसरी अवस्था’ म्हणतात, तेव्हा ते स्कॅडिंग यांचाच हिशेब वापरीत असतात. आम्ही या दुसऱ्या वर्गातले.

१९६७ मध्ये लंडनच्या गेरंट जेम्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, ज्यांत भारतातून गेलेले ओम प्रकाश शर्मा होते, प्रेड्निसोलोनची तुलना दुसऱ्या एका औषधाशी आणि औषध नसलेल्या गोळीशी करून पाहिली. सावली निवळण्याच्या बाबतीत गोळीपेक्षा औषध सरस ठरले. पण सावली निवळणे आणि माणूस कायमचा बरा होणे या दोन गोष्टी निराळ्या. १९७३ मध्ये फिलाडेल्फियाहून जी नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली, तिने हेच दाखवले: तीन महिने प्रेड्निसोन घेतलेल्यांची स्थिती आरंभी बरी दिसली, परंतु काही वर्षांनी पाहता न घेतलेल्यांहून ती वेगळी राहिली नाही. या चाचणीचे मुख्य लेखक तेच हॅरोल्ड इझ्रेल, ज्यांनी बावीस वर्षांपूर्वी कॉर्टिझोनचा अनुभव जगापुढे मांडला होता. ज्या औषधाचे आरंभीचे स्वागत आपल्या हातून झाले, त्याचीच अशी कसोटी आपणच घ्यावी आणि निकाल जसा लागला तसा छापावा, याचे आम्हांस फार मोल वाटते. आमच्या पाहण्यातील कोणत्याही योजनेचे मूल्यमापन तिच्या जनकाने असे केल्याचे स्मरत नाही.

१९९६ मध्ये ब्रिटनच्या वक्षरोग वैद्यांनी १४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आरंभीचे सहा महिने शक्यतो कोणास औषधच दिले नाही. त्या अवधीत ३३ जणांना त्रासामुळे ते द्यावे लागले, आणि ५८ जणांची छाती औषधावाचून सुधारली! उरलेल्या ५८ जणांचे दोन गट करून एका गटास दीर्घकाळ नियमित औषध दिले आणि दुसऱ्यास केवळ गरज पडली तर. नियमित घेणाऱ्यांचा श्वास काही अंशी सुधारला, पण तो लाभ माफकच होता. आमच्या डॉक्टरांनी आम्हांस तीन महिने रिकाम्या हाताने परत पाठवले, तेव्हा आम्ही मनातून रागावलो होतो, आणि आमच्या सौभाग्यवतीने तर डॉक्टर बदलण्याचा ठराव मांडला होता. त्या रिकाम्या तीन महिन्यांमागे ही एवढी माणसे उभी होती, हे ठाऊक असते तर कदाचित तिने तो मागे घेतला असता.

भारताचा इतिहास याहून अवघड आहे. हा रोग गोऱ्यांचा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा, आपल्याकडे तो नाहीच, असा समज बराच काळ होता. कलकत्त्याचे डॉ. एस. के. गुप्ता यांच्यासारख्यांनी तो चिकाटीने खोडून काढला. १९९० मध्ये त्यांनी पूर्व भारतातील १२५ रुग्णांचा, ज्यांचे निदान ऊतीचा तुकडा तपासून पक्के झाले होते, आढावा प्रसिद्ध केला. पण क्षयाचा पसारा एवढा मोठा की, सार्कॉइडचा रुग्ण त्यात हरवून जाणे सोपे. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. सार्कॉइडला क्षय समजले तर माणूस महिनोन्महिने निरुपयोगी औषधे घेतो, जसे आम्ही घेतली. उलट क्षयाला सार्कॉइड समजून प्रेड्निसोलोन दिले, तर रक्षक पेशींचे हात बांधले जातात आणि क्षय भडकतो. ही दुसरी चूक प्राणावर बेतणारी आहे. आमच्या पहिल्या डॉक्टरांवर आमचा राग होता. हे वाचल्यावर तो पुष्कळसा उतरला. आपल्याकडे पुष्कळ प्रौढांची कातडी क्षयाच्या चाचणीला प्रतिसाद देते, पण सार्कॉइडच्या रुग्णात तो सहसा उमटत नाही, ही एक खूण येथील वैद्यांना उपयोगी पडते. खरा उलगडा मात्र ग्रंथीच्या कणातूनच होतो. पूर्वी त्यासाठी छाती किंवा मान कापावी लागे; अलीकडे ध्वनिलहरींच्या चित्रावर नजर ठेवून श्वासनलिकेतूनच सुई नेता येते.

आणि आता चंदीगड. प्रेड्निसोलोनची सुरुवातीची मात्रा किती असावी, याविषयी पुस्तकांत वीस ते चाळीस मिलिग्रॅम असे मोघमच लिहिलेले असे. या मोघमपणाचा निकाल लावण्याचे काम चंदीगडच्या स्नातकोत्तर वैद्यकीय संस्थेतील सहदेव धुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर घेतले. त्यांनी ८६ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाची सुरुवात चाळीस मिलिग्रॅमने, दुसऱ्याची विसाने. पुढे दोन्ही गटांत मात्रा हळूहळू उतरवत सहा महिन्यांत औषध संपवायचे आणि दीड वर्षापर्यंत पाहत राहावयाचे. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार उलटण्याचे किंवा औषधाला दाद न देण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. दुपटीने औषध घेऊन पदरात काही अधिक पडत नव्हते. आमच्या परिचयाच्या सेवानिवृत्त गृहस्थांचे चाळीस कोणाच्या चुकीचे नव्हते. त्या काळी हे कोणी मोजलेले नव्हते, इतकेच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू लवकर काढावे लागले, याचे खापर ते मात्र अजून त्या गोळ्यांवरच फोडतात, आणि त्यांस खोटे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

प्रकरण येथे मिटले असे नाही. २०२५ मध्ये नेदरलँड्समधून १३८ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रेड्निसोनऐवजी आरंभापासूनच मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध देऊन पाहिले. चोवीस आठवड्यांनी श्वासाच्या मापात मेथोट्रेक्सेट मागे पडले नाही. प्रेड्निसोन घेणाऱ्यांचे वजन वाढले व झोप गेली. मेथोट्रेक्सेटवाल्यांना मळमळ झाली व यकृताच्या तपासण्यांवर लक्ष ठेवावे लागले. आमचा आजार उलटला, तर पुढची चिठ्ठी कदाचित या औषधाची असेल, असे डॉक्टर म्हणतात.

तूर्त आमच्या विसाचे दहा झाले, दहाचे साडेसात, आणि गेल्या आठवड्यात पाच. शरीर स्वतः रोज जेवढा कॉर्टिसोल करते, तो साधारण या पाचाच्याच बरोबरीचा. महिनोन्महिने बाहेरून पुरवठा झाल्याने ग्रंथी सुस्त झालेल्या असतात. म्हणून गोळी एकदम बंद करावयाची नाही, असे त्यांनी दोनदा बजावले आहे. येथल्या वसाहतीतील मुले संध्याकाळी आमच्याकडे कॅरम खेळायला येतात. आमच्या आजाराचे नाव त्यांच्या आयांस उच्चारता येत नाही, त्यामुळे त्याची भीतीही वाटत नाही. पुढले चित्र दिवाळीनंतर काढावयाचे आहे.